ओल

सुई गठ्ठ्यात खुपसायची, दांडा मुठीपर्यंत आत,
आणि आकडा स्थिरावेपर्यंत श्वास रोखायचा.
एवढंच माझं काम.
वीस टक्क्यांच्या आत असेल तर क्रेन उचलते,
वर असेल तर ट्रॅक्टर मागे वळतो,
मग तो कुणाचाही असो.

बेटावर सगळे सगळ्यांचे कुणीतरी लागतात,
म्हणूनच हे काम माझ्या वाट्याला आलं असावं.
मी फेरीबोटीतून नवरी होऊन आलेली,
तीस वर्षांनीही जराशी परकीच.

सासू सांगायची,
कापणी झाली की पेंढा शेतातच पेटवून द्यायचे.
ऑगस्टभर चर्चचा मनोरा दिसायचा नाही,
वाळत घातलेल्या चादरींवर काजळी.
आता तीच आग एका खोलीत कोंडली आहे,
तिनं पाण्याला कामाला लावलंय,
आणि पाणी रस्त्यांखालून चारशे घरं फिरून
गारठून परत येतं आमच्याकडे,
हिवाळ्यातल्या पोस्टमनसारखं.

एस्किल थोरुप एक मंगळवार सोडून यायचा.
त्याचा बार्लीचा पेंढा करडा.
नव्या मॅनेजरनं नाक मुरडलं, पिवळाधमक का नाही?
एस्किल म्हणाला, दोन पाऊस खाऊ द्यावेत त्याला
शेतात आडवा पडून. खार धुऊन जातो.
मग भट्टीच्या नळ्या कुरतडत नाही.
भिजून वाळलेलं शांत जळतं.

तो पेंढ्याबद्दलच बोलत होता.
दुसऱ्या कशाबद्दल तो बोलायचाच नाही.

नोव्हेंबरात एल्सेबेथला बंदराजवळच्या
शुश्रूषागृहात ठेवावं लागलं.
त्यानंतरच्या मंगळवारी, पावतीवर सही करता करता:
"तिच्या खिडकीखाली रेडिएटर आहे.
त्यात माझा पेंढा पोचतो का?"

मी समजावलं. आत गेल्यावर पेंढ्याला नाव उरत नाही.
हेनिंगचा गहू, तुझी बार्ली,
पाद्रीबाईंच्या कुंपणाच्या छाटलेल्या फांद्या,
सगळ्यांची धग एकाच पाण्यात.

"हो. पण दोन वाजता घातलेला
किती वाजता पोचेल?"

मग मी पाइपांचा नकाशा काढला,
पाण्याचा वेग धरला, वळणं मोजली,
पावतीमागे लिहून दिलं: तीन तास दहा मिनिटं.
चुकलं असेल. त्यानं घडी करून
टोपीच्या अस्तरात ठेवलं.

फेब्रुवारीत वादळानं त्याच्या गंजीवरचं प्लास्टिक फाटलं.
पूर्वी दोरीचं दुसरं टोक धरायला कुणी होतं.
सुई म्हणाली, चोवीस.
मी दुसऱ्या बाजूनं खुपसली. तेवीस.
तिसऱ्या बाजूनं खुपसली,
खरं तर तशी पद्धत नाही.
पुन्हा चोवीस.

ओल माणसात असावी म्हणतात.
गठ्ठ्यात असली की भट्टी धुमसते,
चारशे घरं कुडकुडतात,
आणि टनामागचे क्रोनर कापून भागत नाही.

तो वाद घालेल असं वाटलं. घातला असता
तर बरं झालं असतं.
त्यानं नुसता हात केला आणि ट्रॅक्टर वळवला,
मागे रस्त्यावर करड्या काड्यांची रेघ.

पाच वाजून दहा मिनिटांनी मी बंदराकडे निघाले.
का, ते विचारू नका. काळोख पडला होता,
वारा मिठासारखा लागत होता.
एल्सेबेथ खुर्चीत, मांडीवर घोंगडी,
माझ्याकडे बघून हसली, कुणाकडेही हसावं तशी.
तो शेजारीच होता. बाह्या कोपरापर्यंत ओल्या,
टोपी गुडघ्यावर उलटी,
आणि तळहात रेडिएटरवर,
गाभण गाईच्या कुशीवर ठेवावा तसा.

मी काही बोलायच्या आत म्हणाला,
"हेनिंगचा आहे.
वाईट नाही."