डक्टमधलं सूत

फरशी नवी, पुट्टी नवी, स्विचबोर्डसुद्धा नवा;
गच्चीवरनं हॉलात उतरणारा पत्र्याचा डक्ट
तेवढा कारखान्याच्या वेळचा.
कूलर लावला की सोफ्यावर पांढरं पीठ पडतं.

साखर पेठेतनं रेवणसिद्ध आला,
तोंडाला पंचा बांधून
खांद्यापर्यंत हात आत घातला.
आधी निघाली टाइल कापल्याची भुकटी,
मग पीओपीचे पापुद्रे, सुताराचा
अर्धा पॉलिशपेपर, एक विडीचं थोटूक.
"झालं की," मी म्हटलं.
"वळणावर अजून हाय, वैनी."

वळणावर सूत होतं.
लाल, हिरवं, काजळलेलं, मुठीएवढं.
चारी माग भंगारात जाऊन अकरा वर्षं झाली.

सासऱ्यांना दाखवलं. वाटलं, डोळे भरतील.
त्यांनी चिमटीत पीळ सोडवला,
चष्मा कपाळावर सरकवून बघितलं:
"विसाचं. मिक्स माल.
तेव्हाच बोललो होतो त्या गड्डमला, परत ने म्हणून."
आणि कूलर लावायला सांगितला.
दुपारचे तीन, बेचाळीस डिग्री.

वारा आला. ओल्या वाळ्याचा, थोडा रंगाचा.
ते शिंकले. दोनदा.
"अजून आहे," म्हणाले.
रेवणसिद्धनं न बोलता
शिडी पुन्हा भिंतीला लावली,
नव्या रंगावर.