देठ पुढे

तिसरी रात्र. टाक्यांवर उशी, उशीवर बाळ.
त्याची इवलीशी टाच लागली
तरी पोटात कुणी दोरा ओढतंय.
नर्स शेहरिबान तुर्कीत समजावते,
मी कुर्दीत रडते.

दाराशी बाबा. आत यायला लाजतात,
भिंतीकडे तोंड करून उभे.
चाळीस वर्षं तिग्रिसच्या वाळूत
कलिंगडं वाढवली या माणसानं.
"झोझान," ते भिंतीलाच म्हणाले,
"फळ पोटावर घेऊन कोण चालतं, पोरी?"
आणि चहाचा थर्मास काखेत धरून दाखवला:
बूड मागं, देठ पुढं,
तळहात मानेखाली.

तसंच धरलं.
पाय माझ्या पाठीकडे गेले, टाक्यांना धक्का नाही.
दोनदा निसटलं.
तिसऱ्यांदा असं काही पकडलं त्यानं
की माझ्या पायांची बोटं वळली.
शेहरिबान हसली. तिला कुर्दी कळत होतं की काय!

पिवळा चीक, थेंब-दोन थेंब.

फळ पिकलं की नाही
ते बाबा बोटानं ठोकून, कान लावून ओळखतात.
आत्ताही श्वास धरून ऐकत होते,
पाठमोरेच:
एक घोट.
मग बराच वेळ काही नाही.
मग एक.