उपस्थित बारा

मेथडिस्ट चर्चच्या मागच्या खोलीत
गुरुवारी, सात वाजून दहा मिनिटांनी
संघटनेची तातडीची बैठक.
उपस्थित बारा. दिलगिरी कळवलेले चार.
चिटणीस मी, मार्व्हेल कफी,
सतरा वर्षं या शहराच्या पोलिसात,
त्यातली सोळा या वहीत.

विषय एक: सार्जंट रॉल पिलग्रिम, निलंबित.

वहीत एवढंच लिहायचं असतं.
वहीत हे येत नाही की
माझ्या पहिल्या हिवाळ्यात, ठाण्याच्या किचनमध्ये
माझ्या कपाला कुणीतरी लाल चिकटपट्टी लावली होती,
चुकून कुणी त्यातून पिऊ नये म्हणून.
रॉल आला. त्याच कपात त्यानं चहा ओतला,
दोन चमचे साखर घातली
आणि सगळ्यांच्या देखत, उभ्यानं,
अगदी सावकाश पिऊन संपवला.
मग म्हणाला, कफी, आपल्याला एक संघटना लागेल.

ही वही त्या कपातून निघाली आहे.

ट्वुमासी म्हणाला, ऑग्डननं वीस वर्षं हेच केलं,
त्याला निरोपाला घड्याळ मिळालं.
खरं आहे. त्या घड्याळासाठी
माझ्याकडूनही पाच पौंड घेतले होते.
तहमीना म्हणाली, त्यांच्या लॉजमध्ये
हातात हात दाबला की फाईल हरवते,
आपल्या फाईलची मात्र दुसऱ्या दिवशी
पेपरवाल्याकडे झेरॉक्स पोचते.
तेही खरं.
मागून कुणीतरी: आपलेच दात, आपलेच ओठ.
खिडकीपाशी कुणीतरी: झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ सव्वा लाखाची नव्हती.
महिना साठ पौंड, दर दुकानामागे,
आणि ती रांग होती वेलिंग्टन स्ट्रीटची,
जिथे आम्ही रताळी, कोंबडी, केसांचं तेल घेतो.
हे बाराही जणांना माहीत होतं.
कुणाला किती दिवसांपासून,
ते मी विचारलं नाही. मलाही कुणी विचारलं नाही.

ठराव: संघटना सार्जंट पिलग्रिम यांच्या पाठीशी
ठामपणे उभी आहे.
हात वर होऊ लागले.
माझ्या हातात पेन होतं.
पेन धरलेला हात वर करायचा नसतो,
असा नियम मी त्या क्षणी बनवला.

तेवढ्यात इआन्थी क्वाव आत आली,
हॉलच्या किल्ल्या घेऊन.
पूर्वी तिचं विगचं दुकान होतं, त्याच रांगेत.
म्हणाली, हीटर नऊला बंद होतो, तुमचं चालू द्या,
आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसली, कोट न काढता.
कुणी काही चालू दिलं नाही.
हात हवेत होते, तसेच.

मग तीच बोलली, आमच्याशी नाही, किल्ल्यांशी बोलावं तशी:
पैसे घेताना मला आंटी म्हणायचा.
एकदा पावती मागितली तर हसला.
म्हणाला, आपल्यात कसली पावती?

आपल्यात.
सोळा वर्षं हा शब्द
मी दर पानावर लिहीत आले आहे.

ट्वुमासीचा हात अर्धा खाली आला
आणि तिथेच राहिला.
मी ‘उपस्थित बारा’ खोडलं. तेरा लिहिलं.
तहमीना वाकून म्हणाली, ती सभासद नाहीये.
मी म्हटलं, माहीत आहे.

त्या रात्री मी दोन पत्रं लिहिली,
एकात रॉलचं नाव, एकात ऑग्डनचं.
पहिल्याची पोच सकाळी नऊच्या आत आली.
दुसऱ्याची अजून यायची आहे;
दर सोमवारी मी त्याची नक्कल पुन्हा पाठवते.

रॉलचा एकदा फोन आला.
तो बोलला नाही. मीही नाही.
मागे त्याच्या घरात टीव्हीवर क्रिकेट चालू होतं,
कुणीतरी बाद झालं.

कप माझ्याकडेच आहे. पट्टी केव्हाच निघाली.
गोंद निघत नाही.
गरम पाण्यात ठेवला की
बोटाला अजून चिकटतो.