आवाज आढळला नाही

जॉब कार्डावर दोनदा लिहिलंय, माझ्याच अक्षरात:
आवाज आढळला नाही.
एकदा मार्चमध्ये, एकदा एप्रिलात.
दोन्ही वेळी दुपार, वर्धा रोडवरची आमची शेड,
पत्रा पंचेचाळीसवर तापलेला,
अन् गाडी भर उन्हातून कोराडीहून आलेली,
तेल सगळीकडे चढलेलं,
इंजिन असं गुळगुळीत की शंका ग्राहकावरच यावी.

मे महिन्यात खंडाईत तिसऱ्यांदा आले.
वीजकेंद्रात तीस वर्षं टर्बाइनपाशी काढलेला माणूस.
काउंटरवर मोबाइल ठेवला.
"चौदा रेकॉर्डिंगं आहेत. रोज सकाळी पाच चाळीसची.
आता तुम्ही म्हणान, म्हाताऱ्याले भास होऊन राहिले."
वॉरंटी गुरुवारी संपत होती.
तो मंगळवार.

म्हटलं, काका, गाडी रातभर राहू द्या इथं.
रात्रीतून तेल खाली उतरतं,
टेन्शनर रिकामा होतो,
मग पोटात असेल ते बोलेल ती.

बुधवारी साडेपाचला उइके वॉचमन
कुरकुरत कुलूप काढतो.
शेडमध्ये कबुतरं, वंगणाचा गार वास.
चावी फिरवली.
तीन सेकंद.
डब्यात सुटे खिळे हलवावेत तसं.
मग काहीच नाही, शहाण्यासारखी चालू.

तीन सेकंद मला पुरतात.
गोळीबार चौकात माझ्या बापाचा माग होता,
मागाच्या खड्ड्याशेजारी, पाळण्यात वाढले मी.
पावडी, मग धोटा, मग फणी.
पावडी अर्धा श्वास उशिरा पडली
की आई चुलीपाशी बसूनच ओरडायची, अहो, चुकलं!
कापड न पाहता.
इथं धाग्याऐवजी साखळी, एवढाच फरक.
व्हॉल्व्हनं उघडायचं, पिस्टननं वर यायचं,
एकमेकांच्या वाटेत न येता,
मिनिटाला हजार वेळा.

या वेळी स्कॅनरही कबूल झाला:
क्रँकचं अन् कॅमचं जमत नाही.
कव्हर काढलं. साखळी ताणलेली,
रंगवलेली कडी खुणेच्या एक दात मागं,
दट्ट्या आपल्या घरात अडकून बसलेला.
सादिक म्हणाला, टेन्शनरच टेन्शन घेत नाही,
म्हणून सगळं आपल्याले.

मग पुण्याचे मेल.
फोटो पाठवा.
पट्टी लावून फोटो पाठवा.
ऑइल बदलल्याच्या पावत्या.
एक सर्व्हिस सातशे किलोमीटर उशिरा झाली, कारण द्या.
संध्याकाळी शेवटचा: साखळी यायला आठ दिवस,
काम मुदतीबाहेर जाते,
तक्रार पहिल्यांदा कधी नोंदली ते दाखवा.

मी ती दोन कार्डं काढली.
मार्च. ग्राहकाचे म्हणणे: सकाळी सुरू करताना खडखड.
त्याच्याखाली माझं वाक्य, माझी सही.
ज्या कागदावर मी त्यांना खोटं पाडलं
तोच त्यांच्या बाजूनं उभा.
मॅनेजर म्हणाले, हे पाठवून राहिली? नाव आहे तुझं त्याच्यावर.
आहे ना, म्हटलं.

नवव्या दिवशी साखळी आली.
खुणेला खूण लावली,
क्रँक हातानं दोन फेरे फिरवला,
पाहिलं. पुन्हा दोन फेरे. पुन्हा पाहिलं.
बाप असाच पहिली वीत विणून थांबायचा,
बोटानं चाचपायचा,
मग विडी पेटवायचा.

खंडाईत पहाटेच आले, कोणी बोलावलं नव्हतं.
बॉनेटवर कान ठेवून उभे राहिले.
"चालू आहे काय?"
चालू आहे, काका.
बराच वेळ तसेच.
मग मोबाइल काढून तेरा रेकॉर्डिंगं पुसली,
एक ठेवलं.
काऊन ठेवता ते?
म्हणाले, "बायकोले ऐकवाचं आहे.
तिलेही भासच वाटे."