माग

मंगळवारी दुपारी दोन ते चार,
डंडीत, ताय नदीकडे तोंड असलेल्या खोलीत
मॉर्वेन टेबलांवर ताग पसरते:
पिवळट, राठ, किंचित तेलकट वासाचा.
आठ जण येतात. कुणी ओढतं, कुणी रंगवतं,
मिस्टर अबरकॉम्बी धागा चघळतात
आणि त्यांना कुणी रागवत नाही.
इथे चूक नावाची वस्तू ठेवलेलीच नाही.

मोजणारी मी.
माझ्याकडे बत्तीस तारांची टोपी आहे,
थंडगार जेल, पडद्यावर बत्तीस रेघा.
हात रंगात असताना मेंदूत काय चालतं
ते बघायला आम्हाला दोन वर्षांचे पैसे मिळालेत.
रात्री मी रेघा निवडते,
तांदळातले खडे निवडावेत तशा.
पापणी लवली, काढ. मान वळली, काढ.
जबडा हलला की सगळ्या रेघा पिसाटतात,
तो पट्टाच कापायचा.
आमच्यात त्याला गोंगाट म्हणतात.

नेटा पेट्रीच्या रेघा सगळ्यांत खराब.
वय सत्त्याऐंशी. बोलणं: नाही.
मीच लिहिलं, पहिल्या पानावर.
ओठ मात्र सारखे चालू.
गोळ्यांमुळे असेल, मुलगा म्हणाला.
तिची निम्मी दुपार मी कापून टाकायचे.

नोव्हेंबरात टिबी गोर्ले आली, चाकांच्या खुर्चीत.
तिला स्वतःच्या मुलीचं नाव येत नव्हतं.
समोरच्या टेबलाशी बसवली.
नेटाने मान वर केली. ओठ हलवले.
दोन बोटं मनगटावर आपटली.
टिबीने पाच बोटं दाखवली, मग मूठ,
मग ओठांनी काहीतरी लांबलचक,
आणि दोघी हसल्या.
खांदे गदगदले, आवाज नाही.

मॉर्वेनचा ब्रश हवेतच राहिला.
"माझी आत्या अशी बोलायची," ती म्हणाली.
"तागाच्या गिरणीतल्या बायका.
एका छपराखाली दोनशे माग,
कानाशी ओरडलं तरी पोचायचं नाही.
मग ओठ आणि बोटं. पगार, शिव्या,
कुणाला दिवस गेलेत, कुणाचा नवरा पितो,
सगळं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत."

म्हणजे नेटाची गिरणी अजून चालू होती.
एवढ्या खडखडाटात कोण घसा फोडेल?

मी टोपी घेऊन तिच्याकडे निघाले.
दुसऱ्या हातात फळी, फळीला कागद.
नेटाने मला पाहिलं,
टिबीकडे वळून ओठ हलवले,
अंगठा खांद्यावरून मागे,
आणि दोघी झटक्यात माना खाली घालून
भराभरा ताग ओढायला लागल्या.
"काय म्हणाली?"
मॉर्वेनने हसू दाबलं.
"मुकादम येतोय, म्हणाली."

त्या रात्री मी कचऱ्यातून
अकरा मंगळवार बाहेर काढले.
माग कधीचे भंगारात गेले,
त्यांचा माग मात्र इथे होता, काळाभोर, विस्कटलेला.
त्यात मेंदू नाही. नुसती स्नायूंची खरखर.
शब्द वाचता येत नाहीत. मी खटपट केली.
पण पट्टा किती लांब ते मोजता येतं,
आणि कुठे थांबला तेही:
दर वेळी संपल्यावर चारपाच सेकंद
रेघ अगदी स्वच्छ.
मग पुन्हा सुरू.
समोर कुणी नसताना, अकरा मंगळवार,
ती उत्तराला जागा सोडत होती.

"नाही" हा शब्द खोडला.
तिथे काय लिहायचं ते ठरलेलं नाही.

पुढच्या मंगळवारी फळी घरी ठेवून गेले.
नेटाने माझ्याकडे बघून
दोन बोटं मनगटावर आपटली.
मी पाच बोटं दाखवली, मग मूठ.
काय सांगून बसले कुणास ठाऊक.
टिबी एवढी हसली
की तिच्या डोक्यावरची टोपी घसरली
आणि पडद्यावर
बत्तीसच्या बत्तीस रेघा पिसाटल्या.