तीन पानं नदी

फहाहीलला, घोन्साल्विसच्या तिसऱ्या मजल्यावर,
एसीच्या घरघरीपेक्षा वरच्या पट्टीत
शुक्रवारी आमचं भांडण झालं
एका नदीवरून.

कादंबरीत ती तीन पानं वाहते.
मी म्हटलं, पाल्हाळ. एका परिच्छेदात उरकलं असतं.
सुनेत्रा म्हणाली, विशेषणं तर बघा,
लग्नात आहेर मांडल्यासारखी.
घोन्साल्विस स्वल्पविराम मोजत होता,
एका वाक्यात सत्तावीस निघाले
तेव्हा परकारसुद्धा हसला.

मग बशी सरकवून म्हणाला,
"बावीस वर्षं शुऐबाला
समुद्र उकळून पाणी करतोय मी.
मीटरवर आकडा येतो, नळाला पाणी येतं.
या देशात एक नदी नाही.
आणि तुम्हाला तीन पानं जास्त झाली?"

"हा मुद्दा शैलीचा नाही," मी म्हटलं.
"नसेल," तो म्हणाला,
आणि शेवटची खारी
चहात विरघळेपर्यंत धरून बसला.

पुस्तकाची पाळी या आठवड्यात माझी.
पेन्सिल घेऊनच बसलो.
पहिल्याच पानावर 'उतार' या शब्दाखाली रेघ,
कडेला बारीक, तिरक्या अक्षरात:
असाच गोवळकोटला. गुडघाभर.

पेन्सिल टोक काढून ठेवली होती, तशीच राहिली.

दुसरं पान मात्र मला अजूनही सैल वाटतं.
तिथला बगळ्यांचा थवा काढला तरी
नदीचं काही अडत नाही.
शुक्रवारी सांगणार आहे त्याला.
खारी जरा जास्त घेऊन जाईन.