पासंग

बोट उजवीकडे कलते.
आधी म्हटलं वारा असेल, मग म्हटलं पंख्याचा पीळ.
बॅटरी हलवली, डिझेलचा कॅन हलवला,
डाव्या बाकावर बटाट्याची दोन पोती ठेवून
लिलेहोल्मेनपर्यंत जाऊन आले.
पोती लाटेला घसरतात.
एलिफ घसरत नसे.

आन्सगारच्या दुकानात दोरखंडाचा, करपलेल्या कॉफीचा वास.
"किती किलोचा फरक पडतो?" त्यानं विचारलं.
"चौऱ्याण्णव," मी म्हटलं. "जेवण झाल्यावर पंच्याण्णव."
त्यानं मान वर केली नाही.
किनाऱ्यावर कोण कोणाशी बोलत नाही
हे त्याला खिळ्यांच्या मापासारखं पाठ आहे.

काउंटरवर त्यानं ट्रिम टॅब मांडले,
मागच्या फळ्याला बसवायच्या पोलादी पट्ट्या:
एक जोडी तेलाच्या दाबावरची, एक विजेची,
आणि एक स्प्रिंगची, स्वस्त,
जी आपल्या मनानं उठते-बसते, पण कल काढत नाही.
ती मी बाजूला सारली.
आपल्या मनानं उठबस करणारा माणूस
एकवीस वर्षं शेजारी बसवला होता.

मग त्यानं दोन नळ्या पुढे केल्या.
"हा गोंद लावलास तर बोट फुटेल, पट्टी निघणार नाही.
हा दुसरा पाणी अडवतो, पण सोडवता येतो."
मी दुसरा घेतला.
म्हटलं, स्वस्त आहे म्हणून.
तो महाग होता.

मे महिना, रात्रीचे दहा, लख्ख उजेड.
कोपऱ्यापासून दहा सेंटिमीटर आत,
तळाच्या कडेपासून एक वर,
पेन्सिलीची रेघ पुसली, काढली, पुन्हा पुसली.
पहिलं भोक पाडताना श्वास धरला:
भुसा ओला, काळपट निघाला
तर आतलं लाकूड कुजलेलं, आणि सगळी मेहनत पाण्यात.
भुसा कोरडा निघाला,
पिवळसर, टोस्टच्या चुऱ्यासारखा.
हा फळा एलिफनं बदलला होता,
आई होती तेव्हा,
नौकाघर कोणाचं हा प्रश्न नव्हता तेव्हा.
त्या प्रश्नाच्या संध्याकाळी तो म्हणाला,
"तू माझ्या पासंगालाही पुरायची नाहीस."
बरोबर आहे.
पासंग तो होता.

बटणांचं एक तर्कट आहे:
डावं दाबलं की उजवी पट्टी खाली जाते,
पाणी उजवा कुल्ला उचलतं, नाळ डावीकडे झुकते.
पहिल्या दिवशी मी उलटं दाबलं
आणि थर्मास समुद्रात गेला.
मग जमलं.
एकवीस नॉट, काचेत क्षितिज आडवं,
नाळ खाली, समोरचे खडक दिसतायत,
आणि डावीकडचा बाक
रिकामा राहूनही
काही मागत नाही.

ट्रेलरवर बोट ओढताना तो मागून गेला,
हातात सैथ माशांची बादली.
थांबला. एक डोळा मिटला.
"डावी वर बसलीये," म्हणाला. "अर्धा सेंटिमीटर."
ऑक्टोबरनंतरचं त्याचं पहिलं वाक्य.

मी उत्तर दिलं नाही.
तो वळणाआड जाईपर्यंत दोर गुंडाळत राहिले,
मग गुडघ्यावर बसून टेप लावला.

चार मिलिमीटर.

नळीत गोंद उरला आहे.